चिन्हांचे पिनकोड

वैजापूरला पाकीट पाठवायचं असेल तर पत्त्याच्या शेवटी आपण ४२३७०१ लिहितो. अक्षर कितीही किरटं असो, पत्ता मराठीत असो की इंग्रजीत, त्या सहा आकड्यांच्या जोरावर पाकीट बरोबर येऊन पोचतं. ही युक्ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे नावाजलेले साहित्यिक. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड देशभर सुरू झाला. आता जरा नीट बघा. आपला जिल्हा छत्रपती संभाजीनगर, आणि त्या शहराचा पिनकोड ४३१००१. वैजापूरचे पहिले तीन आकडे मात्र ४२३, म्हणजे मनमाड, येवला, कोपरगावचे! आकड्यांनी जिल्ह्याची हद्द मानलीच नाही.

हे लक्षात ठेवा, कारण तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्ये ‘वैजापूर’ हा शब्द कुठेही लिहिलेला नाही. तिथे आहेत सात आकडे : २३५७, २३७६, २३३२, २३६६, २३४६, २३७०, २३५२. व, दोन मात्रा, ज, काना, प, दुसरा उकार, र. निरोप पाठवताना हे आकडेच जातात, साठवताना आकडेच साठतात, आणि अगदी शेवटच्या क्षणी, तुमच्या डोळ्यांसमोर, पडदा त्यांची अक्षरं रेखाटतो. प्रत्येक चिन्हाला त्याचा पिनकोड. रोटेगाव स्टेशनावर उभा असलेला फोन असो की टोकियोतला, २३५७ म्हणजे व.

हे पिनकोड वाटले कोणी? आणि ज्यांना सुरुवातीला मिळालेच नाहीत, त्या चिन्हांनी काय केलं?

त्यासाठी साठ वर्षं मागं, मुंबईला कुलाब्याला जाऊ. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी स्वतःच्या हातांनी एक संगणक बांधला. १९६० मध्ये तो पूर्ण चालू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं ‘टिफ्रॅक’ असं नामकरण केलं. मग १९६४ मध्ये तिथेच सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र आलं आणि देशभरातले संशोधक पंचकार्डांचे गठ्ठे घेऊन कुलाब्याची वाट चालू लागले.

या यंत्राच्या स्मृतीतला एक ‘शब्द’ ४८ बिटांचा होता. त्यात आठ अक्षरं बसत, म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला सहा बिटं. बिट म्हणजे काय, तर एक दिवा : लागलेला किंवा विझलेला. सहा दिवे ओळीने मांडा आणि ते किती वेगवेगळ्या प्रकारे लावता येतात ते मोजा. ६४. झाली सगळी जागा! त्यातली २६ घरं इंग्रजी मोठ्या अक्षरांना गेली, १० घरं आकड्यांना. राहिली २८. अधिक, उणे, कंस, स्वल्पविराम, पूर्णविराम, मोकळी जागा, सगळ्यांनी त्या अठ्ठावीस घरांत दाटीवाटीने राहायचं. लहान इंग्रजी अक्षरं ही तर चैन.

पंचकार्डाच्या जगातली दाटी आणखी थक्क करणारी. कार्डावर ८० उभे रकाने, प्रत्येक रकान्यात छिद्रं पाडायच्या १२ जागा, आणि एका रकान्यातली छिद्रं म्हणजे एक चिन्ह. आयबीएमचं ‘०२६’ हे कार्ड भोकण्याचं यंत्र त्या काळी जगभर खडखडत होतं. त्याच्या दोन तऱ्हा होत्या : एक बँका आणि कारखान्यांसाठी, दुसरी फोरट्रान भाषेत गणितं लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी. आता विचार करा, बँकेला टक्केवारीचं % चिन्ह हवं, शास्त्रज्ञाला कंस हवा, आणि घर एकच शिल्लक. काय करायचं? दोघांनाही तेच घर द्यायचं! बँकेत ज्या छिद्रांवर % उमटायचं, त्याच छिद्रांवर प्रयोगशाळेत ( उमटायचा. बँकेचं # ते शास्त्रज्ञाचं =. बँकेचं & ते शास्त्रज्ञाचं +. कार्ड तेच, छिद्रं तीच. वाचणारा बदलला की हिशेबाचं समीकरण होई. एका घराच्या दारावर सकाळी एक पाटी आणि संध्याकाळी दुसरी.

आणि ‘पेक्षा लहान’, ‘पेक्षा मोठा’ या चिन्हांना तर घर मिळालंच नाही. म्हणून फोरट्रानमध्ये < च्या जागी टिंब, एल, टी, टिंब असं चार चिन्हांचं शेपूट लिहावं लागे.

अशा चणचणीत १९६० साली एक राजेशाही पाहुणी आली. तिचं नाव अल्गोल. युरोप आणि अमेरिकेतल्या गणितज्ञांनी मिळून घडवलेली ही भाषा गणिताच्या पुस्तकासारखी देखणी होती. ‘आणि’ साठी ∧, ‘किंवा’ साठी ∨, ‘नाही’ साठी ¬, शिवाय ≤, ≥, ≠, ÷, ×, ↑, ≡, ⊃. दहाच्या घातासाठी तर खाली उतरलेला चिमुकला दहा : ⏨. तिची मूळ चिन्हं मोजली तर भरतात ११६. घरं ६४, बिऱ्हाडं ११६!

बरं, ही चिन्हं कशी दिसावीत यावरही एकमत नव्हतं. १९५८ मध्ये झुरिकला या भाषेची पहिली बैठक भरली होती. तिथे उपस्थित असलेले ॲलन पर्लिस यांनी पुढे एक हकीकत लिहून ठेवली. वाद पेटला तो दशांशचिन्हावरून. अमेरिकेत दशांशाला टिंब देतात, युरोपात बहुतेक ठिकाणी स्वल्पविराम. शेवटी एकाने टेबलावर मूठ आपटून सांगितलं की दशांशाला टिंब मी कधीही वापरणार नाही. एका टिंबासाठी बैठक अडली.

आणि त्या अडलेल्या बैठकीतून जे बाहेर पडलं ते मला दिवाबत्तीच्या शोधाइतकं मोठं वाटतं. त्यांनी एकाच भाषेचे तीन स्तर ठरवले. एक व्याख्येचा : तिथे ‘दशांशचिन्ह’ नावाची फक्त कल्पना आहे. दुसरा छपाईचा : तिथे टिंब छापा की स्वल्पविराम, तुमची मर्जी. तिसरा यंत्राचा : तिथे जी छिद्रं उपलब्ध असतील ती वापरा. चिन्ह वेगळं आणि चिन्हाचं रूप वेगळं! माणूस तोच, सदरा निराळा. हे आपल्याला दूरचं वाटतंय का? मग मराठी पुस्तकातला ल आणि हिंदी पुस्तकातला ल शेजारी ठेवून पाहा. मराठी ल दोन पाकळ्यांचा, हिंदी ल वेगळ्या वळणाचा. संगणकात दोघांचा क्रमांक एकच, २३५४. कोणता सदरा चढवायचा ते फाँट ठरवतो.

पण अल्गोलच्या ∧ आणि ∨ चं काय झालं? इथे या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता टप्पा येतो. आयबीएममध्ये बॉब बेमर नावाचे गृहस्थ होते. सगळ्या अमेरिकन संगणकांसाठी सात बिटांची एकच सामायिक यादी ठरवायचं काम चाललं होतं. तीच पुढे १९६३ मध्ये ‘आस्की’ म्हणून प्रसिद्ध झाली. सात दिवे, १२८ घरं. / ही तिरपी रेघ त्यात होतीच. बेमर यांनी १९६१ मध्ये सुचवलं, की हिची उलटी बहीणही घ्या : \. कशाला? दोघींना शेजारी उभं करा : /\. झालं की ∧! आता जागा बदला : \/. झालं ∨! एक नवी रेघ घेतली आणि अल्गोलच्या ‘आणि’ अन् ‘किंवा’ला निवारा मिळाला.

ती रेघ आज तुमच्या कळफलकावर आहे. संगणकावर फाईलचा पत्ता लिहिताना तुम्ही ती रोज पाहता. अल्गोल आज क्वचितच कुणी लिहितं, पण तिच्यासाठी आणलेली रेघ जगातल्या जवळपास प्रत्येक टेबलावर उरली आहे, क्रमांक ९२ घेऊन. जपानी लोकांनी तर याच ९२ व्या घरात आपल्या येन चलनाचं ¥ चिन्ह बसवलं. म्हणून आजही कित्येक जपानी संगणकांवर फाईलच्या पत्त्यात फोल्डरांच्या मध्ये येन उभे दिसतात.

त्याच दशकात केनेथ आयव्हर्सन यांची एपीएल ही भाषा आली. तिच्या चिन्हांपुढे अल्गोल साधीसुधी म्हणायची. आयव्हर्सन यांना वाटे, की चांगलं चिन्ह माणसाच्या विचाराला हात देतं. एक ते शंभरची बेरीज एपीएलमध्ये एवढीशी होते : +/⍳१००. उत्तर ५०५०. पाच-सहा ओळींचं काम एका श्वासात. पण इतकी चिन्हं आणायची कुठून? आयबीएमच्या सिलेक्ट्रिक टाईपरायटरमध्ये अक्षरांचे खिळे नव्हते. त्यात लिंबाएवढा धातूचा मुलामा दिलेला गोळा होता आणि त्यावर ८८ चिन्हं कोरलेली. गोळा काढून दुसरा बसवला की यंत्राची लिपी बदले. एपीएलसाठी खास गोळा बनला, तोही अपुरा पडला. मग उपाय निघाला तो असा : एक चिन्ह उमटवा, एक घर मागे या, त्याच जागेवर दुसरं ठोका. वर्तुळावर उभी रेघ मारली की ⌽, म्हणजे ‘क्रम उलटा करा’. वर्तुळावर तिरपी रेघ मारली की ⍉, म्हणजे ‘आडव्याचं उभं करा’. उद्गारचिन्हसुद्धा अवतरणचिन्हाखाली टिंब ठोकून घडवत.

ज्यांनी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बसून मराठी टाईपरायटर बडवलाय, त्यांना हे वाचताना बोटांत काहीतरी जाणवलं असेल. आपण हेच करत नव्हतो का? मराठी यंत्रावर मात्रा, उकार, अनुस्वार यांच्या कळा दाबल्या तरी गाडा पुढे सरकत नसे. चिन्ह आणि अक्षर एकाच जागी उमटायची. भ, ध, ख यांसारखी काही अक्षरं तर अर्धी उमटवायची आणि काना देऊन पुरी करायची. कळा पन्नासच्या आतबाहेर, आणि बाराखडी, जोडाक्षरं धरली तर रूपं शेकड्यांनी. ‘स्त्रियांच्या’ एवढा शब्द घ्या आणि त्यात किती तुकडे जोडलेत ते मोजा. एपीएल लिहिणारा गणिती आणि वैजापूरचा टंकलेखक, दोघांचंही दुखणं एक आणि दोघांनी काढलेलं औषधही एक : तुकडे द्या, चिन्हं आम्ही जोडून घेतो.

हेच औषध पुढे संगणकात आलं, पण किती सुंदर रूपात! आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र घडवलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि जिस्टचं काम पुण्याला आलं. साध्या पीसीत एक कार्ड खोचलं की पडद्यावर देवनागरी उमटू लागे. त्यामागची क्रमांकांची यादी म्हणजे ‘इस्की’. भारतीय मानक ब्युरोने ती १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने मानक म्हणून जाहीर केली.

या यादीत क्ष, त्र, स्त्य, ष्ट्र अशा जोडाक्षरांना क्रमांकच नाहीत. क आहे, ष आहे, आणि मधे आहे ‘पाय मोडण्याचं’ चिन्ह. क, पाय मोड, ष : क्ष तयार. शाळेत बाई फळ्यावर ज्या रीतीने जोडाक्षर फोडून दाखवायच्या, त्याच रीतीने संगणक ते साठवतो.

याहून मोठं आश्चर्य पुढेच आहे. बंगाली, गुजराती, कन्नड, तेलुगू, मल्याळम, सगळ्या लिप्या ब्राह्मीच्या लेकी. रूपं वेगळी, वर्णमाला एकच : क ख ग घ ङ. म्हणून इस्कीने सगळ्यांना एकच तक्ता दिला. युनिकोड ही जागतिक यादी १९९१ मध्ये आली तेव्हा तिने इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून ही मांडणी जशीच्या तशी उचलली आणि प्रत्येक लिपीला १२८ घरांची एकेक चाळ दिली, खोल्यांचा क्रम तोच ठेवून. आता कागद-पेन्सिल घ्या. देवनागरी क चा क्रमांक २३२५. त्यात ३८४ मिळवा : २७०९. तो गुजराती क! ३८४ ऐवजी ७६८ मिळवा : ३०९३, तेलुगू क. ८९६ मिळवा : ३२२१, कन्नड क. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लिपीतून फुटलेल्या फांद्या, आणि एका फांदीवरून दुसरीवर जायला फक्त बेरीज. ज्या अनामिक व्याकरणकारांनी कंठापासून ओठांपर्यंत आवाजांची रांग लावली, त्यांचं काम संगणकाला असं आयतं मिळालं.

आता आपल्या तालुक्यातल्या शिऊरला या. संत बहिणाबाईंचं समाधिस्थान. ‘शिऊर’ लिहिताना हाताने आपण काय लिहितो? आधी पहिली वेलांटी, मग श. टाईपरायटरवरही वेलांटी आधी. पण बोलताना? श आधी, इ नंतर. इस्कीने आणि युनिकोडने हाताऐवजी कानाचं ऐकलं. फोनमध्ये क्रम आहे २३५८, २३६७, २३१४, २३५२ : आधी श, मग वेलांटी, मग ऊ आणि र. पडद्यावर येता येता वेलांटी टुणकन उडी मारून श च्या डावीकडे जाऊन बसते. तुम्ही ‘शिऊर’ लिहाल त्या प्रत्येक वेळी ही उडी घडते, इतक्या झटकन की कुणाच्या नजरेसही पडत नाही.

आणि आपल्या मराठीचा खास दागिना, चंद्रकोरीसारखा अर्धा र? तो नसेल तर ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत फरक कसा करणार? एकीकडे डोंगर, दुसरीकडे समुद्र. ‘आचाऱ्यांना’ पैसे द्यायचे आणि ‘आचार्यांना’ नमस्कार करायचा, हा गोंधळ कोण निस्तरणार? हिंदीला हा र लागत नाही. मग त्याचा पिनकोड कोणता? यादीत ऱ असं एक अक्षर होतं, खाली नुक्ता म्हणजे टिंब असलेलं, क्रमांक २३५३. ते ठेवलं होतं द्राविडी भाषांतला एक निराळा र देवनागरीत उतरवण्यासाठी. मराठीत सुटं असं ते कधीच येत नाही. इस्कीने ठरवलं, की या अक्षराचा पाय मोडला की मराठीची चंद्रकोर उमटेल. तमिळ-मल्याळम उच्चारासाठी बांधलेल्या खोलीत आपला ‘वाऱ्या’तला र राहतो आहे. ४२३ वाल्या वैजापूरसारखाच, हद्दीपलीकडच्या आकड्यावर सुखाने नांदतो आहे. अल्गोलच्या ∧ ला दोन रेघांचा आधार मिळाला, तसा याला एका नुक्त्याचा.

यात एक खाच मात्र राहिली. तीच चंद्रकोर दुसऱ्या वाटेनेही काढता येते : साधा र, पाय मोड, आणि पुढे ८२०५ क्रमांकाचं एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही तंतोतंत सारखी. संगणकाला आकडे वेगळे दिसतात, म्हणून एका रीतीने लिहिलेलं आडनाव दुसऱ्या रीतीने शोधलं तर ‘सापडलं नाही’ असं उत्तर येऊ शकतं. यादीत नाव असूनही सापडत नसेल, आणि त्यात हा र असेल, तर ही शक्यता जरूर तपासा.

पिनकोड वाटप अजूनही चालूच आहे. ‘ॲप’ आणि ‘ॲड’ मधल्या मराठी ॲ ला स्वतःचा क्रमांक, २४१८, मिळाला तो २००८ मध्ये. त्याच्या पुढच्याच वर्षी यादीत कोण आलं असेल? अल्गोलचा तो चिमुकला दहा, ⏨! सोव्हिएत संघाच्या १९६४ च्या एका मानकात त्याला घर होतं, पुढे जग त्याला विसरलं, आणि जुनी सोव्हिएत प्रणाली आजच्या संगणकांवर पुन्हा चालवता यावी म्हणून २००९ मध्ये तो ९१९२ या पत्त्यावर परतला. ∧ आणि ∨ यांनाही आता स्वतःची घरं आहेत, ८७४३ आणि ८७४४, शेजारी शेजारी. एपीएलच्या सगळ्या चिन्हांनाही आहेत. २०१० मध्ये ₹ आला, ८३७७. त्याचं रेखाटन पवईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदय कुमार यांचं.

हे सगळं सांगण्याची निकड मला वैजापुरातल्याच एका डीटीपीच्या दुकानात वाटली. एका गृहस्थांनी वीस वर्षांपूर्वीची, आईवर लिहिलेल्या स्मरणिकेची फाईल पेन ड्राईव्हमध्ये आणली होती. पडद्यावर उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. काही हरवलं नव्हतं. युनिकोड घरोघरी पोचण्याआधी आपल्या जुन्या फाँटांनी मराठी तुकड्यांना इंग्रजी अक्षरांच्या घरांत ठेवलं होतं. अशाच एका फाँटात भ म्हणजे ‘एच’च्या घरात अर्धा भ आणि ‘के’च्या घरात काना. बँकेच्या % च्या घरात शास्त्रज्ञाचा कंस राहायचा, तसंच. पाटी लावणारा फाँट हरवला की घरात कोण राहतं ते कळेनासं होतं. त्या दुकानदाराला फाँटचं नाव आठवलं, फाँट सापडला आणि अर्ध्या तासात ती सगळी पानं वाचता येऊ लागली.

तुमच्याकडेही अशा फाईली असतील : गावच्या सप्ताहाच्या पत्रिका, पतसंस्थेची इतिवृत्तं, आजोबांच्या कविता. फाँटांची नावं आठवणारी माणसं अजून दुकानांत बसलेली आहेत. यंदाच्या दिवाळीच्या आत त्या फाईली त्यांच्याकडून युनिकोडमध्ये करून घ्या. ते जमेपर्यंत निदान एका कागदावर फाईलचं नाव आणि तिच्यापुढे फाँटचं नाव एवढं तरी लिहून ठेवा.